मॉडसाठी नऊ शुक्रवार

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

आजपासून सुरुवात केली. घरात कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. माझं शिक्षण सातवीपर्यंत, सगळी नोकरी गोदीत क्रेनवर, लिहिण्याचा सराव नाही. पण डोक्यात ठेवलं तर डोकं दुखतं.

माझ्या बायकोचं, मॉडचं, हृदय मोठं झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. मोठं म्हणजे चांगलं नव्हे. ते थकलंय, नीट पंप करत नाही, म्हणून पायांत पाणी साठतं. वर्ष निघेल असं धरून चालू नका, पुढचं देवाची कृपा, असं डॉक्टर म्हणाले. मॉडने लगेच विचारलं, "कोणाची?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

मॉडचा देवाशी अबोला आहे. आमची ज्युलिएट गेली तेव्हापासून. एकोणीस वर्षांची होती, घशात गाठ झाली, परळच्या मोठ्या हॉस्पिटलात वर्षभर काढलं. तिला मूठमाती दिली त्या दिवशी प्रार्थनेच्या गटातली एक बाई मॉडचा हात धरून म्हणाली, विश्वास थोडा कमी पडला गो, नाहीतर पोर उठून बसली असती. मॉडने हात सोडवून घेतला. त्यानंतर तिने ख्रिस्तप्रसाद घेतलेला नाही. लग्नाला, मयताला चर्चमध्ये येते, शेवटच्या बाकावर पर्स मांडीवर ठेवून बसते, दवाखान्यात नंबर यायची वाट बघावी तशी. रागावलेली नसते. नुसती बोलत नाही.

ती अशीच गेली तर?

माझ्या आईने लहानपणी शिकवलं होतं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेला जाऊन ख्रिस्तप्रसाद घ्यायचा, असे ओळीने नऊ महिने. ज्याने नऊ पुरे केले त्याला देवाच्या कृपेविना मरण येत नाही, असं वचन आहे. मध्ये एक चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. मॉड तर करणार नाही. मग तिच्या नावाने मी केले तर? आज पहिला झाला. मनातल्या मनात तिचं नाव घेऊन जीभ पुढे केली.

घरी आल्यावर विचारलं तिने, आज शुक्रवारी कुठे? म्हटलं, पायांना चाल हवी.

६ ऑगस्ट

दुसऱ्यासाठी केलेलं चालतं की नाही, हे मी आधी विचारायला हवं होतं. सुरुवात करून मग विचारतोय. फादरना आज गाठलं. हे नवे फादर वसईकडचे आहेत, वयाने आमच्या मुलापेक्षा, एल्रॉयपेक्षा, लहान. म्हणाले, अंकल, हा नेम जो करतो त्याच्यासाठी असतो, पण तुम्ही कोणासाठीही प्रार्थना करू शकता. मी म्हटलं, म्हणजे चालतं का नाही? ते म्हणाले, तुम्ही वचनच बघत बसलात, वचन देणाऱ्याकडे बघा.

मला हो किंवा नाही हवं होतं.

११ ऑगस्ट

मॉड जिन्यात बसली ती उठेना. पेजेची किटली हातात. रमाबाई आणि त्यांची सून रुपाली यांनी मिळून तिला वर आणलं. रमाबाई आमच्या समोरच्या खोलीतल्या, मूळच्या मालवणच्या. मॉड आणि त्या रोज भांडतात आणि रोज एकमेकींकडे कालवण पाठवतात.

पेजेचं सांगायला हवं. ज्युलिएटला गिळता येत नव्हतं तेव्हा मॉड पातळ पेज फडक्यातून गाळून न्यायची. हॉस्पिटलासमोर फूटपाथवर गावाकडचे पेशंट आणि त्यांची माणसं राहतात, त्यांच्यातल्या कोणीतरी घोटभर मागितली. ज्युलिएट गेली तरी मॉडने पेज बंद केली नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मी पुष्कळदा म्हणालो की देवळात जायचं नाही आणि परळला जायचं, हा कुठला न्याय. ती किटली उचलून निघे.

आज अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाली, "कास्मीर, किटली भरलेली आहे. तू जा."

मी म्हटलं, मला लाज वाटते.

"भूक त्यांना लागलीय, लाज तुला कशाला?"

गेलो. तिथे काय बोलावं कळेना, म्हणून भाजीवाल्यासारखं 'पेज, पेज' ओरडलो. एका बाईने विचारलं, केवढ्याला? भिवा नावाचा माणूस आहे, नांदेडकडचा, बायकोच्या जबड्याचं ऑपरेशन झालंय. तो म्हणाला, "ओरडू नका बाबा, ही मावशीची किटली हाय. मावशी कुठं हाय?" मग त्यानेच सगळ्यांना बोलावलं.

पाठ धरली आहे. हे रोजचं होऊन बसेल अशी भीती वाटते.

५ सप्टेंबर

दुसरा शुक्रवार झाला. उद्या गणपती जाणार, गिरगावात आजच पाय ठेवायला जागा नाही. सकाळची मिस्सा गाठली म्हणून बरं. मग पेज घेऊन परळ, परत येताना अर्धा रस्ता चालत. मॉडला म्हटलं, आजचा दिवस राहू दे. तिने चादर बाजूला करून पाय खाली सोडले, स्वतः निघाली. मग मीच गेलो.

१८ सप्टेंबर

काल माझ्याकडून वाईट झालं. पेज फार बेचव लागते म्हणून मी लिंबू पिळलं. चांगल्या हेतूने पिळलं. भिवाच्या बायकोने घोट घेतला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वाटी खाली ठेवली नाही, सगळी प्यायली. भिवा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं चव आवडली.

घरी येऊन मॉडला सांगितलं.  ती म्हणाली, "तोंडात जखमा आहेत रे त्यांच्या." एवढंच. रात्री जेवली नाही. मला वाटलं आता माझ्याशीही अबोला. सकाळी मात्र उठवून शिकवायला बसली. तांदूळ किती, मीठ कधी, फडकं कसं धरायचं, वाढण्याआधी चमचा स्वतःच्या खालच्या ओठाला लावून बघायचा, ओठाला कळलंच नाही तर बरोबर. मी म्हटलं, माझी परीक्षा आहे का? म्हणाली, हो, आणि तू आधीच एकदा नापास झालास.

३ ऑक्टोबर

तिसरा झाला.

१२ ऑक्टोबर, रविवार

एल्रॉय आला होता. तो दादरला राहतो, विम्याच्या ऑफिसात आहे. दोन वर्षांपासून आपलं चर्च सोडून दादरला एका हॉलमध्ये जातो, तिथे पास्टर आहेत, गिटार असते. तो म्हणतो, मेणबत्त्या, नेम, नऊ शुक्रवार, यांतलं काही उपयोगाचं नाही. मी दचकलो, याला कळलं की काय. पण तो सर्वसाधारण बोलत होता. म्हणे, आपल्या कामांनी तारण होत नाही, आपली सगळी चांगली कामं देवापुढे फाटक्या फडक्यासारखी. फक्त विश्वास. तोंडाने कबूल करायचं की येशू माझा प्रभू, आणि मनाने मानायचं. बस.

मग मॉडच्या पलंगापाशी गुडघ्यांवर बसला. "मम्मी, एक वाक्य. माझ्यामागून म्हण. मग मी कधी काही मागणार नाही."

मॉडने त्याच्या केसांवरून हात फिरवला. "बोंबील तळलेत रुपालीने, जेवून जा."

तो जेवला नाही. मी जिन्यापर्यंत गेलो तर पायरीवर बसून रडत होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, टाय लावलेला. म्हणाला, "डॅडी, मला तिथे मम्मी हवी आहे. ती नसली तर मी काय करू तिथे?"

मी त्याला सांगणार होतो की मीही त्याचसाठी धडपडतोय. पण नेमाचं ऐकून तो चिडला असता. त्याच्या शेजारी बसलो. जिन्यात येणारे जाणारे आमच्यावरून पाय टाकून गेले.

७ नोव्हेंबर

चौथा झाला. भिवा गेला. म्हणजे त्याची जागा रिकामी होती, दगडांची चूल होती. बाजूच्यांनी सांगितलं, बायकोला गावी नेलं, डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हटलं. मी भरलेली वाटी हातात घेऊन उभा होतो. मॉडला काय सांगू कळेना. सांगितलं, बरी होऊन गेली. मॉड म्हणाली, "तिथून तसं कोणी जात नाही, कास्मीर. तू नवीन आहेस."

२४ डिसेंबर

चर्चचं नवीन वर्षाचं कॅलेंडर मिळालं. तिथेच बाकावर बसून पुढचे शुक्रवार शोधले. नववा येतो ३ एप्रिलला. आणि त्या दिवशी गुड फ्रायडे आहे.

गुड फ्रायडेला मिस्सा नसते. सबंध वर्षात तो एकच दिवस, ज्या दिवशी जगात कुठेही मिस्सा नाही. मी नेम सुरू करताना पुढचं वर्ष बघितलंच नाही. माझ्यासारखा बावळट मीच. क्रिसमसच्या गर्दीत फादरना बाजूला ओढलं. ते घाईत होते, पण थांबले. म्हणाले, दुपारच्या विधीत आदल्या दिवशीचा ख्रिस्तप्रसाद वाटतात, तो घ्या, चालेल. मी तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मॉडची चौकशी केली.

घरी रमाबाईंकडून करंज्या आल्या होत्या. मॉडने अर्धी खाल्ली.

२ जानेवारी २०२६

सहावा झाला. मॉडला आता उशांना टेकूनच बसावं लागतं, आडवं झालं की श्वास लागतो. अंग पुसणं, बेडपॅन, सगळं मीच करतो. रुपाली म्हणते बाई ठेवा. मॉडला परक्या बाईची लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर मलाही कोणी दुसरं नको. यात चर्चला रविवारी जाणं दोनदा चुकलं. हे पाप धरतात का, फादरना विचारायचं आहे.

२० फेब्रुवारी

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला. फादर आजाऱ्यांच्या कपाळाला लावायचं पवित्र तेल घेऊन घरी आले. मीच बोलावलं होतं, मॉडला न विचारता. तिने त्यांना बसवलं, वसईची माणसं, शेती, केळी, सगळी चौकशी केली. तेलाची छोटी डबी उघडली तेव्हा म्हणाली, "फादर, तुम्ही चांगला मुलगा आहात. चहा घ्या. तेल राहू द्या."

फादरनी जबरदस्ती केली नाही. चहा घेतला. जाताना मला म्हणाले, दार उघडं ठेवा, मी येईन कधीही. मी म्हटलं, तुम्ही याल हो, ती नको म्हणते त्याचं काय? तिची मोजदाद कुठे होणार? एल्रॉय म्हणतो विश्वास पाहिजे. तिच्यात तो नाही. रमाबाई म्हणतात, केलेलं कुठे जात नाही, करावं तसं भरावं. त्यांचं बरं आहे, सोपं आहे. आमच्यात दोन्ही लागतं, असं फादर म्हणतात. माझ्याकडे एक आहे, तिच्याकडे दुसरं. नवराबायकोचं एकत्र धरत असते तर किती बरं झालं असतं. हे मी जिन्यातच त्यांना बोलून गेलो. फादर पायरीवरच थांबले. मला वाटतं मी मूर्खासारखं बोललो.

६ मार्च

आठवा. आज जवळजवळ चुकला होता. सकाळी मॉडचा श्वास अडकला म्हणून मिस्सा गेली. संध्याकाळची होती, पण दुपारी परळला एक म्हातारी मला सोडेना, नातवाला भरवून द्या म्हणाली, तिचे हात थरथरत होते. भरवलं. बस उशिरा. चर्चमध्ये पोचलो तर लोक ख्रिस्तप्रसादासाठी रांगेत लागलेले. मीही लागलो, हाताला पेजेचा वास. पहिला अर्धा भाग मिळाला नाही, वाचन नाही, प्रवचन नाही. एवढं धरतील का? कोणाला विचारू, आता फादरही मला बघून दुसऱ्या दाराने जातात असं वाटतं.

एकच उरला.

१५ मार्च

आज मी मॉडला सरळ विचारलं. तिची वेणी घालत होतो. मला वेणी घालता येत नाही, ती दोरखंडासारखी होते, गोदीतली सवय. विचारलं, मॉड, तुला भीती वाटत नाही?

"कशाची?"

म्हटलं, त्याच्याशी न बोलता त्याच्यासमोर जायची.

ती थोडं थांबून श्वास घेत म्हणाली, "सासूशी अबोला असला म्हणून कोणी तिच्या घरातल्या पोरांना उपाशी ठेवतं का? मी नाही बोलत त्याच्याशी. त्याची पोरं जेवतात माझ्या हातचं. त्याला काही म्हणायचं असेल तर माझं घर त्याला ठाऊक आहे."

मी म्हटलं, असं बोलू नये.

"मग वेणी घाल."

३ एप्रिल, गुड फ्रायडे

एल्रॉय त्याच्या बायकोला घेऊन येतो म्हणाला होता, दादरची उपासना आटोपून.  तो आत्ता आत आहे, मॉडपाशी. मी गॅलरीत बसून लिहितो.  लिहिलं नाही तर मला उद्या वाटेल की असं झालंच नाही.

दुपारी मॉडला बरं होतं. रमाबाई तिच्याजवळ बसल्या. मी तीनच्या विधीला गेलो. चर्च भरलेलं, बाहेर रस्त्यापर्यंत लोक. सगळं वाचन झालं, क्रुसाचं चुंबन झालं, त्यात फार वेळ गेला. मग रांग. माझ्यापुढे तीन माणसं होती. फादरच्या हातातला तो पांढरा गोल तुकडा मला दिसत होता. एवढ्यात कोणीतरी माझं कोपर धरलं. रुपाली. घरच्या गाऊनवर ओढणी घेऊन आलेली, चपला बाहेर काढून. ती कधी आमच्या चर्चमध्ये आलेली नाही. हळू आवाजात म्हणाली, "काका, चला. काकू तुम्हाला विचारतायत."

मी म्हटलं, दोन मिनिटं.

तिने कोपर सोडलं नाही. 

पुढे आता दोनच माणसं होती. मग एक. फादरनी मला बघितलं. मी त्यांना काय सांगणार, तिथे बोलता येत नाही. मी रांगेतून बाहेर पडलो. लोकांनी वाट दिली. बाहेर ऊन होतं, मी रुपालीच्या पुढे पळत होतो, या वयात.

मॉड उशांना टेकून बसली होती. ओठ निळे. रमाबाई तिचे तळपाय चोळत होत्या. मी बाजूला बसलो. तिने माझ्याकडे बघून विचारलं,

"झालं का तुझं?"

मला वाटत होतं तिला ठाऊक नाही. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

मी म्हटलं, "झालं."

"नऊ?"

"नऊ."

"बरं झालं," ती म्हणाली. "आता घाबरत जाऊ नको."

रमाबाईंनी पाण्याचा चमचा माझ्या हातात दिला. मी तो आधी माझ्या ओठाला लावून बघितला, मग तिला दिला. अर्धं पाणी आत गेलं. त्यानंतर तिने काही मागितलं नाही. एल्रॉय अर्ध्या तासाने आला.

तिला वाटलं मी माझ्यासाठी करत होतो. तिच्यासाठी होतं, हे सांगायला हवं होतं. त्याऐवजी खोटं बोललो, गुड फ्रायडेला, मरणाऱ्या माणसाशी. नेम तुटला. तेल नाही, फादर नाही, ख्रिस्तप्रसाद नाही. एका माणसाचं अंतर होतं. मी थांबलो असतो तर तिचं सगळं झालं असतं, आणि मी थांबलो नाही.

४ एप्रिल

शिवडीला मूठमाती दिली. ज्युलिएटची जागा कधीच दुसऱ्या कोणाला गेली, म्हणून वेगळी. या तीन दिवसांत मयताचीही मिस्सा करत नाहीत, नुसत्या प्रार्थना म्हणतात. म्हणजे तेही तिला मिळालं नाही. रमाबाई म्हणाल्या, तिला कुठे हवं होतं. रमाबाईंना काय कळणार. मग त्या इतक्या रडल्या की मीच त्यांना धरलं.

एल्रॉयने मातीची मूठ टाकली आणि कडेला उभा राहून पुटपुटत राहिला. तो तिच्या वतीने ते वाक्य म्हणत होता. मी ऐकलं. त्याच्या पास्टरच्या हिशेबात हे चालत नाही, त्यानेच मला सांगितलं होतं.

मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. एवढंच सुचलं की ती आधी बोलणार नाही, तिला मी ओळखतो.

१८ एप्रिल

कुमसाराला गेलो, फादरपुढे पापं कबूल करायला. खोटं बोललो ते सांगितलं, नेम तुटला ते सांगितलं, रांगेतून निघालो ते सांगितलं.   जाळीपलीकडून फादर म्हणाले, "अंकल, मी बघितलं तुम्हाला निघताना. त्या दिवशी चर्चमध्ये देवाच्या तुमच्याइतकं जवळ दुसरं कोणी नव्हतं."

मी विचारलं, प्रायश्चित्त काय? ते म्हणाले, घरी जा, जेवा.

हे प्रायश्चित्त होत नाही. ते द्यायचं विसरले असावेत. न देता पापं सुटतात का? आणि जवळ म्हणजे काय, मी तर दाराकडे चाललो होतो.

जेवलो. काही शिजवलेलं नव्हतं, पेज होती.

२७ एप्रिल

फादरनी निरोप पाठवला, रविवारी मॉडची महिन्याची मिस्सा आहे, शेवटी घरातल्या कोणी तिच्याबद्दल दोन शब्द बोलावे. एल्रॉय म्हणाला, डॅडी, मला जमणार नाही, माझा आवाज फुटेल. मी काय बोलणार? ती तिथे बसायची शेवटच्या बाकावर, लोकांना ते आठवणार. मला वाटतं परळचं कोणीतरी यावं आणि उभं राहून सांगावं. तिने काय केलं ते एवढे लोक ऐकतील. वरही ऐकू जाईल.

१ मे, शुक्रवार

आज पहिला शुक्रवार. नेम नव्याने सुरू करता आला असता. किटली हातात होती, गरम होती, चर्चवरून तसाच पुढे गेलो. महाराष्ट्र दिनाची सुट्टी म्हणून बस रिकामी.

वाढून झाल्यावर एकेकाला विचारलं. रविवारी गिरगावला याल का, गाडीने नेतो, परत आणतो, मावशीबद्दल दोन शब्द सांगायचेत. ते एकमेकांकडे बघायला लागले. कोणती मावशी? म्हटलं, जी आधी पेज आणायची. एक बाई म्हणाली, "पेज तर तुम्हीच आणता नं बाबा." ती बुलढाण्याकडची आहे, होळीनंतर आली, नवऱ्याच्या गळ्याला नळी आहे. मी फूटपाथच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. मॉडला पाहिलेलं एकही माणूस तिथे नाही. ती ऑगस्टपासून आली नाही, आणि ऑगस्टची माणसं तिथे राहत नाहीत. भिवाचं गाव मी विचारून घेतलं नव्हतं.

एवढ्या वर्षांची पेज, आणि साक्षीला कोणी नाही. विश्वास तर तिने दाखवला नाही. कामं केली ती या लोकांच्या लेखी माझ्या नावावर.

मी किटलीचं झाकण लावत त्या बाईला सांगितलं की मी नव्हे, माझी बायको. तीच करायची, तिनेच शिकवलं.

"मग त्या का नाही येत?"

तिचा नवरा ऐकत होता, भिंतीला टेकून, नळीवर रुमाल धरून. आजूबाजूचे सगळे ऐकत होते. तिथे तो शब्द मला उच्चारता येईना.

म्हटलं, "तिला बरं नाही."

ती बाई उठून उभी राहिली. तिने विचारलं, नाव काय त्यांचं? मी सांगितलं. तिने दोनदा म्हणून पाहिलं, नवऱ्यालाही सांगितलं, त्याने मान हलवली. म्हणाली, "आम्ही सगळे सांजच्याला हात जोडतो, त्यात त्यांचं पण नाव घेऊ. बऱ्या होतील. काळजी करू नका तुम्ही."

मी नको म्हणू शकलो नाही. म्हणजे आता रोज संध्याकाळी परळला फूटपाथवर मॉडसाठी मागणं चालणार. कोणत्या देवाकडे, ते मी विचारलं नाही. मी खोटं बोललो म्हणून ते मागणं, ज्यांना ती माहीतही नाही अशा माणसांचं. पोचतं का असं? हे कोणाला विचारू? एल्रॉय नाही म्हणेल. फादर खांद्यावर हात ठेवतील.

सोमवारी पेज घेऊन जाईन तेव्हा ती बाई पहिलं हेच विचारणार, मॉडला आता बरं आहे का.

मलाही तेच विचारायचं आहे.